पाव ओहमचा पहारेकरी



माझ्यासमोर एका विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीचे एक पान आहे. प्रयोग नेहमीचाच, ओहमच्या नियमाचा पडताळा. तुम्ही तो केला असेल किंवा लवकरच कराल. १० ओहम रोधाचे एक वेटोळे, त्याच्याशी एकसरीत ऱ्होस्टॅट आणि अमीटर, वेटोळ्याला समांतर जोडलेला व्होल्टमीटर, आणि हे सगळे चालवायला प्रयोगशाळेतला पॉवर सप्लाय, ६ व्होल्टवर ठेवलेला. ऱ्होस्टॅटचा रोध थोडा थोडा कमी करायचा, दर खेपेला प्रवाह आणि विभवांतर वाचायचे आणि आलेख काढायचा. सरळ रेषा आली की प्रयोग झाला.

या पानावरच्या पहिल्या काही नोंदी चोख आहेत. ०.१० अँपिअरला १.० व्होल्ट, ०.१५ ला १.५, ०.२० ला २.० व्होल्ट. मग ०.२२ अँपिअर आणि २.२ व्होल्ट. आणि त्यापुढे? पुढच्या पाचही ओळींत तेच. ०.२२ आणि २.२, ०.२२ आणि २.२. आलेखावर रेषा छान वर चढते आणि एका ठिकाणी सगळे बिंदू एकावर एक साचून त्यांचा एक जाड ठिपका होतो.

त्या ठिपक्याभोवती लाल शाईचे एक वर्तुळ आहे. ते माझे आहे. बाजूला शेराही माझाच आहे : "नोंदी प्रत्यक्ष न घेता लिहिलेल्या दिसतात. प्रयोग पुन्हा करावा." प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर आली होती, वही पुरी होऊन सही झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि हा मुलगा पाच ओळी एकसारख्या लिहून मोकळा झाला, असे मला वाटले. त्याने वाद घातला नाही. दोन दिवसांनी त्याच टेबलावर प्रयोग पुन्हा केला. नोंदी पुन्हा त्याच. मात्र या वेळी तक्त्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ होती : "ऱ्होस्टॅटचा रोध कमी करत नेला की पॉवर सप्लायवरचा काटा खाली येतो."

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्याकडे लक्ष दिले नाही. रात्री वह्या तपासताना ती पुन्हा डोळ्यांपुढे आली, आणि मी तपासणे थांबवले.

तुम्हीही इथे क्षणभर थांबा. पॉवर सप्लाय ६ व्होल्टवर ठेवला आहे, तर त्याचा काटा ६ वरच राहायला हवा. त्यासाठीच तर हे महागडे उपकरण घ्यायचे. तो खाली का यावा? हिशेब करून पाहू. प्रवाह ०.२२ अँपिअरवर अडला असेल आणि ऱ्होस्टॅटमध्ये १० ओहम रोध उरला असेल, तर मंडलाचा एकूण रोध १० अधिक १०, म्हणजे २० ओहम. ओहमच्या नियमाप्रमाणे सप्लायच्या टोकांमध्ये ०.२२ × २० = ४.४ व्होल्ट असणार. ऱ्होस्टॅटमध्ये ५ ओहम उरले तर ३.३ व्होल्ट. ऱ्होस्टॅट पूर्ण काढून घेतला तर २.२ व्होल्ट. म्हणजे काटा खाली येणारच! नोंदी खोट्या असत्या तर ही पेन्सिलीची ओळ सुचली नसती. मुलगा खरे सांगत होता. सप्लायच ०.२२ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह द्यायला नकार देत होता. त्यावर लिहिलेली मर्यादा मात्र २ अँपिअर होती.

असे नकार देणारे त्या पेटीत काय असते, त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

प्रवाह "पाहायचा" कसा?

पॉवर सप्लायच्या पोटात एक ट्रान्सफॉर्मर असतो, तो २३० व्होल्टचे २५-३० व्होल्ट करतो. डायोड प्रत्यावर्ती प्रवाहाला एका दिशेचा करतात, मोठा कपॅसिटर त्यातले चढउतार भरून काढतो, आणि मग एक जाडजूड ट्रान्झिस्टर येतो. हा ट्रान्झिस्टर एखाद्या नळाच्या तोटीसारखा आहे. बाहेर ६ व्होल्ट हवे असतील तर तो तेवढाच उघडतो. पेटीच्या मागे काळ्या अॅल्युमिनियमच्या पंखांवर बसवलेला असतो तो हाच.

आता समजा, कोणी सप्लायची लाल आणि काळी टोके एकमेकांना टेकवली. प्रयोगशाळेत हे दिवसातून चार वेळा होते, सांगायला नको. बाहेरचा रोध जवळजवळ शून्य झाला. तोटीला वाटते, विभवांतर पडले, आणखी उघडा. ती आणखी उघडते, प्रवाह वाढतो, आणि सेकंदाच्या आत ट्रान्झिस्टर जळून जातो. हे टाळायचे तर कोणी तरी प्रवाहावर नजर ठेवायला हवी आणि वेळेवर तोटीला "पुरे" म्हणायला हवे.

पण इलेक्ट्रॉनिक मंडलाला प्रवाह थेट कळत नाही. ट्रान्झिस्टर काय किंवा चिप काय, त्यांना समजते ते बहुतेक वेळा दोन बिंदूंमधील विभवांतर. म्हणून प्रवाहाचे भाषांतर विभवांतरात करावे लागते. आणि ते करायला ओहमच्या नियमाइतका स्वस्त दुभाषी दुसरा नाही. प्रवाहाच्या वाटेत ठाऊक असलेला एक छोटा रोध ठेवा. त्याच्या दोन टोकांमध्ये येणारे विभवांतर प्रवाहाच्या प्रमाणात असेल. तुम्ही पाठ्यपुस्तकात गॅल्व्हानोमीटरला समांतर शंट जोडून अमीटर बनवता, तेव्हा हेच करता. प्रवाहाचा मोठा भाग शंटमधून जातो आणि शंटवर जे इवलेसे विभवांतर तयार होते त्यावर काटा हलतो.

कालव्याच्या पाटावर पाणी सोडणारा पाटकरी पाण्यात उडी मारून पाणी मोजत नाही. पाटात एक ठरावीक मापाची खाच असते, तिच्यापाशी पाणी किती चढले ते तो पट्टीवर वाचतो आणि दार खालीवर करतो. आपला छोटा रोधक ही ती खाच. फक्त खाच फार अरुंद केली तर पाणीच अडेल. तसेच इथेही. २ अँपिअर प्रवाहाच्या वाटेत १० ओहमचा रोधक ठेवला तर २० व्होल्ट त्यातच खर्च होतील आणि ४० वॅट उष्णता निघेल. म्हणून हा रोधक बहुधा एका ओहमपेक्षा लहान असतो. दुरुस्ती करणारे त्याला "सेन्स रेझिस्टन्स" किंवा नुसते "सेन्सिंग" म्हणतात. (रोध हा गुणधर्म आणि रोधक ही वस्तू, असा भेद आपण वर्गात करतो, दुकानात दोन्हीला रेझिस्टन्सच म्हणतात आणि कोणाचे काही अडत नाही.)

आमच्या सप्लायमध्ये हा रोधक ०.२७ ओहमचा होता, आणि पाटकऱ्याचे काम एका छोट्या ट्रान्झिस्टरकडे होते. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरची एक सवय तुम्हाला ठाऊक असेल : बेस आणि एमिटर यांच्यामध्ये सुमारे ०.६ व्होल्ट येईपर्यंत तो झोपलेला असतो. तेवढे आले की जागा होतो. त्याची ही दोन टोके रोधकाच्या दोन टोकांना जोडलेली असतात. प्रवाह १ अँपिअर असताना रोधकावर ०.२७ व्होल्ट, ट्रान्झिस्टर झोपेत. २ अँपिअरला ०.५४ व्होल्ट, चुळबुळ सुरू. आणि

०.६ ÷ ०.२७ = २.२ अँपिअर

झाले की तो जागा होतो आणि मोठ्या ट्रान्झिस्टरच्या बेसकडे जाणारा प्रवाह स्वतःकडे वळवून घेतो. तोटी तिथेच थबकते. बाहेरचा रोध आणखी कमी केला तर प्रवाह वाढत नाही, विभवांतर कमी होते. पेन्सिलीच्या ओळीत लिहिले होते ते हेच.

जाता जाता एक गंमत. हे ०.६ व्होल्ट तापमानाबरोबर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने घटतात. पेटी ३० अंशांनी तापली तर ०.५४ व्होल्टलाच ट्रान्झिस्टर जागा होतो आणि मर्यादा २.२ ऐवजी २ अँपिअर होते. यंत्र तापले की मर्यादा आपोआप खाली येते, हे आपल्या सोयीचेच झाले.

तांबडा, जांभळा आणि तिसरा पट्टा

आता गुन्ह्याकडे वळू. प्रवाह ०.२२ वर अडतो. उलटा हिशेब करा :

०.६ ÷ ०.२२ = २.७ ओहम

पेटी न उघडताच रोधक किती ओहमचा आहे ते कळले. ०.२७ च्या जागी २.७, बरोबर दहापट! दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली. रोधकावर रंगाचे पट्टे होते : तांबडा, जांभळा, सोनेरी. शेजारच्या टेबलावरचा सप्लाय त्याच बनावटीचा होता, तोही उघडला. त्यात तांबडा, जांभळा, रुपेरी.

तांबडा म्हणजे २ आणि जांभळा म्हणजे ७, हे रंगांचे कोष्टक तुम्ही पाठ केले असेल. तिसरा पट्टा पटीचा. तो सोनेरी असेल तर २७ ला १० ने भागायचे, रुपेरी असेल तर १०० ने. हा सप्लाय दोन महिन्यांपूर्वी दुरुस्तीला गेला होता. मोठा ट्रान्झिस्टर जळाला होता आणि त्याच्याबरोबर हा रोधकही. भाजलेल्या रोधकावरचा रुपेरी पट्टा तपकिरी-पिवळट दिसतो. तो सोनेरी वाचला गेला. मी त्या कारागिराला दोष देत नाही. त्याने नवा ट्रान्झिस्टर नीट बसवला, सप्लाय सुरू केला, मीटर लावून ६, १२, २० व्होल्ट येतात हे पाहिले आणि पाठवून दिला. चूक एवढीच की मीटर लावून पाहिले, भार लावून नाही. व्होल्टमीटरला प्रवाह लागतो तो जवळजवळ शून्य, मग पहारेकऱ्याची परीक्षा होणार कशी? आणि आम्हीही तो तसाच मांडून दोन महिने वापरला. त्या टेबलावर डायोडचे प्रयोग चालत, त्यांना थोडेच मिलिअँपिअर लागतात. ओहमच्या नियमाची पाळी आली तेव्हा चूक बाहेर पडली, आणि पडली ती एका मुलाच्या वहीत.

हल्ली काही रोधकांवर रंगांऐवजी अक्षरे छापतात. त्यात "आर" हे अक्षर दशांशचिन्हाच्या जागी येते. "आर २७" म्हणजे ०.२७ ओहम आणि "२ आर ७" म्हणजे २.७ ओहम. टिंब पुसले जाऊ शकते, अक्षर सहसा पुसले जात नाही, म्हणून ही युक्ती.

नवा रोधक आणायला गेलो तर आमच्या तालुक्याच्या गावात ०.२७ ओहमचा मिळेना. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ तो सहज मिळाला असता, पण परीक्षा तोंडावर. दुकानात १ ओहमचे, १ वॅटचे रोधक होते. चार समांतर जोडले तर पाव ओहम, आणि मर्यादा ०.६ ÷ ०.२५ = २.४ अँपिअर. तीन जोडले तर एक तृतीयांश ओहम, मर्यादा १.८ अँपिअर. तुम्ही कोणते घेतले असते? मी तीन घेतले. पहारेकरी थोडा लवकर जागा झालेला चालतो, उशिरा नको. १.८ अँपिअरला तिन्ही मिळून १.८ × १.८ × ०.३३, म्हणजे जेमतेम १.१ वॅट उष्णता, प्रत्येकाच्या वाट्याला ०.३६ वॅट. १ वॅटच्या रोधकाला हे काहीच नाही. पेटीवर कागद चिकटवला, "कमाल १.८ अँपिअर", आणि तो कागद अजून तिथे आहे.

मुलाने त्या सप्लायवर प्रयोग तिसऱ्यांदा केला. ०.५० अँपिअर, ५.० व्होल्टपर्यंत रेषा सरळ गेली. त्याच्या वहीवर सही केली आणि लाल शेऱ्याचे ते जुने पान त्याच्याकडून मागून घेतले. माझ्या शेऱ्याखाली माझी चूक मी लिहून दिली, तीही लाल शाईनेच.

जळालेला रोधक काय सांगतो

तुमच्या घरातल्या टीव्हीत, संगणकात, मोबाइलच्या चार्जरमध्ये आता वर सांगितला तसला सप्लाय नसतो. तिथे "स्विचिंग" पद्धतीचा असतो. त्यात २३० व्होल्ट आधी एका दिशेचे केले जातात. कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. (२३० ला दोनच्या वर्गमुळाने गुणा.) मग मॉसफेट नावाचा ट्रान्झिस्टर एका छोट्या ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे दर सेकंदाला ५० हजार, लाखभर वेळा या ३२५ व्होल्टला जोडतो आणि तोडतो. दर वेळी वेटोळ्यातला प्रवाह शून्याकडून वर चढतो, मॉसफेट बंद झाला की वेटोळ्यात साठलेली ऊर्जा दुसऱ्या बाजूला जाते.

किती चढू द्यायचे हे ठरवणारा इथेही तोच आपला पहारेकरी. मॉसफेटच्या पायाशी एक अर्ध्या ओहमचा रोधक असतो, त्यावरचे विभवांतर एक चिप पाहत असते. यूसी ३८४२ ही अशीच एक प्रसिद्ध चिप. तिच्या तिसऱ्या पायावर १ व्होल्ट आला की ती त्या फेरीपुरता मॉसफेट बंद करते. ०.५ ओहमला १ व्होल्ट म्हणजे २ अँपिअर. हा निवाडा प्रत्येक फेरीत होतो, सेकंदाला ५० हजार वेळा!

मॉसफेट कधी तरी दगावतो, आणि दगावतो तो बहुधा "शॉर्ट" होऊन. मग ३२५ व्होल्टचा कपॅसिटर वेटोळ्यातून थेट या अर्ध्या ओहमवर रिकामा होतो. फ्यूज आहे ना, असे तुम्ही म्हणाल. पण फ्यूज असतो कपॅसिटरच्या अलीकडे, मेन्सच्या बाजूला. कपॅसिटरमध्ये आधीच साठलेली ऊर्जा तो अडवू शकत नाही. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला अर्धा गुणिले धारिता गुणिले विभवांतराचा वर्ग, म्हणजे ५ ज्यूलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा असते. तांदळाच्या दाण्याएवढ्या रोधकाला ती क्षणात पचवता येत नाही. तो फुटतो, कधी कधी त्याच्या मागे नुसता काळा डाग उरतो. आणि तो तुटताच त्याच्या जागेवरचे विभवांतर उसळून चिपच्या तिसऱ्या पायाकडे जाते. चिप १ व्होल्ट मोजायला बसलेली. ती काय टिकणार?

म्हणून असा सप्लाय दुरुस्त करणारा जाणता कारागीर चार गोष्टी एकत्र तपासतो : फ्यूज, मॉसफेट, सेन्सचा रोधक, चिप. घाईतला कारागीर फ्यूज आणि मॉसफेट बदलतो. रोधक तुटलेला असेल तर सप्लाय मुका राहतो, आणि निदान होते की "ट्रान्सफॉर्मर गेला". याहून वाईट म्हणजे रोधकाच्या जागी तारेचा तुकडा लावणे. सप्लाय लगेच चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण चिपला आता १ व्होल्ट कधीच दिसणार नाही. पहारेकऱ्याचे डोळे बांधले आहेत. पहिला जादा भार येईल तेव्हा नवा मॉसफेट जाईल, आणि तो एकटाच जाईल असे नाही.

सगळ्यात फसवा बिघाड मात्र अर्धवट असतो. पुष्कळ सर्किट-बोर्डांवर अर्धा ओहम मिळवायला दीड ओहमचे तीन रोधक समांतर बसवतात. त्यातला एक तुटला तर उरलेल्या दोघांचा रोध ०.७५ ओहम. आता १ व्होल्ट १.३३ अँपिअरलाच येतो. वेटोळ्यातली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, चालत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते तशी. १.३३ भागिले २, त्याचा वर्ग ०.४४. म्हणजे दर फेरीची ऊर्जा निम्म्याहून कमी झाली! टीव्हीचा लाल दिवा लागतो, चित्र येऊ लागते आणि पुन्हा बंद. हा टीव्ही घेऊन माणूस दुकानोदुकानी फिरतो, आणि दोष असतो एका रुपयाच्या रोधकात.

रोधक जळालेला सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला, असेही नाही. बहुतेक वेळा तो बळी असतो. त्याला कोणी मारले हे शोधल्याशिवाय नवा बसवला तर त्याचीही तीच गत होते.

इथे एक स्पष्ट सांगतो. स्विचिंग सप्लाय तुम्ही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहू शकतो, आणि ३२५ व्होल्टचा धक्का जीव घेऊ शकतो. शिक्षक समोर असले तरी वर्गात हा प्रयोग नको. आपल्याला हवे ते सगळे दोन टॉर्चच्या सेलवर दिसते.

एक मीटर तार

मोटार-पंप रिवाइंडिंगच्या दुकानातून ३० नंबरची इनॅमलची तांब्याची तार थोडी मागून आणा. तिचा व्यास ०.३१५ मिलिमीटर असतो, म्हणून काटछेदाचे क्षेत्रफळ ०.०७८ चौरस मिलिमीटर. तांब्याची रोधकता घेऊन हिशेब केला तर एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.२२ ओहम येतो. हा तुमचा सेन्स रोधक.

आधी मल्टीमीटरच्या रोधाच्या पट्ट्यावर तो मोजून पाहा. ०.२२ येईल? येणार नाही. ०.५ किंवा ०.६ असे काही तरी दिसेल आणि टोके दाबली की बदलेल. मीटरच्या वायरी आणि टोकांचे स्पर्श यांचा रोध मिळून तुमच्या रोधाएवढा किंवा जास्तच असतो. तराजूत पारड्याच्या वजनाने माल तोलल्यासारखे. म्हणून दुरुस्तीच्या टेबलावरही साध्या मीटरने "हा ०.२७ आहे की ०.४७" हे ओळखता येत नाही.

आता दुसरी रीत. एक मीटरपेक्षा थोडी लांब तार घ्या, बरोबर एक मीटर अंतरावर दोन ठिकाणी इनॅमल ब्लेडने खरवडा, आणि तार पेन्सिलीवर गुंडाळा. वेढे इनॅमलमुळे एकमेकांपासून अलग राहतात. तारेची अगदी टोकेही खरवडून ती दोन सेल आणि २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा छोटा बल्ब यांच्याशी एकसरीत जोडा. बल्ब लागला? आता मल्टीमीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर ठेवा आणि त्याची टोके आतल्या दोन खरवडलेल्या जागी टेकवा. ६५ मिलिव्होल्टच्या आसपास काही दिसेल. ०.२२ ने भागा, बल्बचा प्रवाह मिळाला, अमीटर न लावता!

प्रवाह नेणारी टोके वेगळी आणि विभवांतर मोजणारी टोके वेगळी, हे या रीतीचे मर्म. मोजणाऱ्या वायरींमधून प्रवाह जवळजवळ जातच नाही, म्हणून त्यांचा रोध हिशेबात येत नाही. फार लहान रोध मोजण्यासाठी ही चार टोकांची कल्पना विल्यम टॉमसन याने १८६१ मध्ये आपल्या दुहेरी सेतूत वापरली. पुढे तो लॉर्ड केल्व्हिन झाला. तापमानाच्या एककात तुम्ही ज्याचे नाव घेता तोच हा. तारेत ठाऊक असलेला प्रवाह सोडला, तर याच मांडणीने उलट रोध काढता येतो.

आता तीच पेन्सिल पेल्यातल्या गरम पाण्यात बुडवा. तारेचा गुंडाळलेला भाग पाण्यात आणि खरवडलेल्या जागा पाण्याबाहेर राहू द्या. बल्ब तसाच लागलेला असेल, पण मिलिव्होल्ट चढू लागतील. तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. पाणी ५० अंशांनी जास्त गरम असेल तर जवळजवळ २० टक्के वाढ, ६५ चे ७८. प्रवाह वाढलेला नाही, आपले मापच लांबले. असा पहारेकरी तापला की खोटे बोलू लागेल.

म्हणून चांगल्या सेन्स रोधकात तांबे नसते, मँगॅनिन असते. तांब्यात सुमारे १२ टक्के मँगॅनीज आणि थोडे निकेल मिसळून हा मिश्रधातू करतात. तापमानाने त्याच्या रोधात होणारा बदल तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. एडवर्ड वेस्टनने तो १८९२ मध्ये तयार केला, टॉमसन लॉर्ड झाला त्याच वर्षी. घराच्या दाराशी लावलेल्या पुष्कळशा इलेक्ट्रॉनिक वीजमीटरांच्या आतही मँगॅनिनची एक पट्टी असते, ओहमच्या काही हजारांशांहूनही कमी रोधाची. तुमच्या पंख्याचा, दिव्यांचा, शेगडीचा सगळा प्रवाह तिच्यातून जातो आणि तिच्यावरच्या इवल्याशा विभवांतरावरून वीजबिल ठरते. मल्टीमीटरचा १० अँपिअरचा शंटही असाच, जाड वाकवलेल्या तारेचा असतो.

तारेचा प्रयोग झाल्यावर बल्बच्या जागी दोन बल्ब समांतर जोडून पाहा. मिलिव्होल्ट बरोबर दुप्पट होतील का? थोडे कमी आले तर तार दोषी की सेल, हे कोणत्या दोन जागी मीटर टेकवून ठरवाल?